अ मालक, ब कामगार

आम्ही तिघं ज्या खोलीत वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचो, तिथे साडीच्या पडद्याआड एक माणूस झोपलेला असायचा. माझ्या मैत्रिणीचे वडील. पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये ते कामाला होते, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात ते दुपारभर झोपायचे आणि आम्ही पडद्याच्या अलीकडे बसून हळू आवाजात भांडायचो. हळू आवाजात भांडणं मला जन्मात जमलेलं नाही, त्यामुळे मैत्रीण सारखी माझ्या गुडघ्यावर चापट मारायची.

खोली सुरतच्या लिंबायतमधली, पहिल्या मजल्यावरची. खाली कापड विणायच्या लूमचं खातं होतं. लूम चालू असले की फरशी थरथरायची, पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला जायचा आणि त्याला कुणीतरी न बघताच मागे ओढायचं. लूम बंद पडले की उलट आम्ही दचकायचो. मग पडद्याआडून श्वास ऐकू यायचा, लांब, मधेच अडकणारा. धूर आणि रंगाच्या वाफेत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा श्वास तसाच येतो, असं मैत्रीण म्हणायची. मला तो आवाज आवडत नव्हता, खरं सांगायचं तर भीती वाटायची.

तिचं कुटुंब खानदेशातलं, घरात अहिराणी. माझे आईवडील विदर्भातले, पण मी वाढले इथेच. बाबा लोकांच्या बंगल्यात फरशी बसवायचे. आमच्यातला तिसरा मराठवाड्याचा, आमच्याहून वयाने मोठा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला ठेक्यावर काम करायचा, ही परीक्षा आधी देऊन बसलेला होता आणि नापास होण्याबद्दल अधिकाराने बोलायचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. दादाच्या खोलीत माणसं आळीपाळीने झोपायची, माझ्या घरात टीव्ही कधी बंद व्हायचा नाही, म्हणून आम्ही मैत्रिणीकडे जमायचो. तिची आई, म्हणजे मावशी, साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी घ्यायची. आम्ही काय बोलतो त्यातलं तिला ओ की ठो कळायचं नाही, पण आवाज चढला की ती सुई थांबवून बघायची.

या परीक्षेला कायदा आधीपासून यावा लागत नाही. एक नियम देतात, त्याखाली एक प्रसंग देतात, आणि तो नियम त्या प्रसंगाला लावून उत्तर द्यायचं असतं. प्रसंगात लिहिलंय तेवढंच खरं मानायचं. ‘पण समजा असं झालं असेल तर’ हे म्हणायचं नाही. पदरची माहिती घालायची नाही. दया यायला लागली तर पेन खाली ठेवायचं, असं दादा म्हणायचा.

क्लासची जुनी पुस्तकं आम्ही मागून आणलेली होती आणि ती सोडवून सोडवून पाठ झाली होती. मग दादानेच टूम काढली. दर रविवारी प्रत्येकाने आपल्या गल्लीतला एक प्रसंग आणायचा. नावं घ्यायची नाहीत. अ, ब, क म्हणायचं. कुणाचं काय आहे ते विचारायचं नाही. हा नियम फार कडक होता, कारण लिंबायतमध्ये नाव निघालं की ते संध्याकाळपर्यंत त्या घरी पोचतं आणि आपल्या घरी भांडण येतं. मी प्रसंग इंग्रजीत उतरवायचे, कारण पेपर इंग्रजीत असणार होता आणि तिघांत माझं इंग्रजी बरं होतं. बरं म्हणजे काय, पुस्तकातल्यासारखं होतं. पुस्तकाबाहेरचं मला एक वाक्य धड लिहिता येत नव्हतं, पण हे तेव्हा मला सांगणाऱ्याशी मी भांडले असते.

प्रसंगांना तोटा नव्हता. अ ने गच्चीवर वाळत घातलेलं ब च्या शेळीने खाल्लं. अ च्या रिक्षात ब पाय बाहेर काढून बसला आणि क च्या हातगाडीला लागला. आम्ही हसायचो, एकमेकांची टर उडवायचो. कधीकधी पडद्याआडून झोपेतल्या जाड आवाजात निकाल यायचा.

“मालकच भरी! दुसरं कोन भरी?”

हे नाना. मैत्रीण त्यांना नाना म्हणायची, म्हणून आम्हीही. शाळा त्यांची लवकर सुटली होती, पण या प्रसंगांचा त्यांना नाद लागला. ते त्यांना कोडी म्हणायचे. उठले की चहाचा कप हातात घेऊन आमच्यात येऊन बसायचे. “आज कोडं काय शे?” मग ते कोडं नीट ऐकून, तोंडातल्या तोंडात घोळवून मिलमध्ये घेऊन जायचे. तिथे डबा खाताना ते सोबतच्या माणसांना घालायचे. बिहारचे, ओडिशाचे, खानदेशचे, सगळे त्यांचं कोडं सोडवायला बसायचे, मॅनेजरसुद्धा येता-जाता थांबायचा. माझी पोरगी वकील होणार आहे, ही तिची कोडी आहेत, हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. पुढच्या वेळी भेटलो की आम्हाला निकाल कळवायचे. मला या सगळ्याची फार गंमत वाटायची.

मग एका रविवारी मैत्रिणीने आणलेला प्रसंग तिने वाचून दाखवला नाही, आठवत आठवत तोंडीच सांगितला.

“अ ची मिल आहे. ब तिथे रात्री कामाला असतो. मिलच्या मागच्या दारातून कापडाचे ताके बाहेर जातात असा अ ला संशय आहे. म्हणून रातपाळी सुरू झाली की अ त्या दाराला बाहेरून कुलूप घालतो. आत कापड वाळवायचं लांबलचक गरम मशीन चालू असतं. पुढचं दार त्या मशीनच्या पलीकडे आहे. हे ब ला माहीत आहे. तरी ब रोज कामाला जातो. आग लागली आणि ब ला काही झालं, तर अ जबाबदार का?”

पुस्तकातला एक नियम माझ्या जिभेवर होताच. धोका ठाऊक असून जो स्वखुशीने तो पत्करतो, त्याला मग तक्रार करता येत नाही. मी तो घडाघडा म्हणून दाखवला आणि अ ला सोडून दिलं. ती म्हणाली, स्वखुशी कशी? पोटासाठी जातो. मी म्हणाले, पोट प्रसंगात दिलेलं नाही, तू पदरचं घालते आहेस. दादा म्हणाला, कुलूप लावणं हाच गुन्हा आहे, कारखान्याच्या कायद्यात तसं आहे. मी म्हणाले, तो कायदाही प्रसंगात दिलेला नाही. मी जिंकले. दोघांना गप्प केलं की मला जो आनंद व्हायचा तो झाला. तेवढ्यात खालचे लूम थांबले, बहुतेक वीज गेली, आणि पडद्याआडचा श्वास ऐकू आला.

ती पडद्याकडे बघत होती. फार वेळ नाही. मी ते पाहिलं आणि पुढचा प्रश्न काढला.

पुढच्या रविवारी तिने परत तीच मिल आणली. आता मशीनच्या आत कापडाचा भुसा साठलेला होता आणि तो अधूनमधून पेट घ्यायचा. ब आणि बाकीचे ओल्या बारदानाने तो विझवायचे आणि काम पुढे चालू ठेवायचे. आणखी दोन रविवारांनी बारदान ओलं नव्हतं. ब च्या हाताला भाजलं होतं. त्या आठवड्यात नाना दिवसपाळीला होते, संध्याकाळी आम्ही निघायच्या वेळी घरी आले, तर त्यांच्या डाव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं. मावशीने हळद आणली. नाना हसून म्हणाले, चहा सांडला. कुणी काही विचारलेलं नसतानाच म्हणाले.

जिना उतरून आम्ही कोपऱ्यावरच्या सोड्याच्या गाडीपर्यंत आलो, तिथे दादाने नियम मोडला. मैत्रीण आम्हाला पोचवायला आली होती. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, “पलसाण्याचीच ना?”

तिने मान हलवली. मग बोलायला लागली ती थांबेना. ती म्हणाली, रातपाळीच्या आठवड्यात मी झोपतच नाही. नानांना मी सांगून पाहिलं, दुसरं काम बघ. ते म्हणतात दुसऱ्या मिलचं दारही तसंच आहे. शेठशी बोल म्हटलं तर म्हणतात, जो बोलतो त्याच्यावरच ताक्याचा संशय येतो. मी विचारलं, “काहून गं, आधी सांगितलं काहून नाही?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “सांगितलं की. तूच सोडलंस त्याला.”

मला तिचा राग आला. घरचा प्रश्न घरचा म्हणून सांगायचा, अ ब करून कशाला? पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं.

कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीला अर्ज करायचा, हे दादाने सुचवलं. नाव न घालता. लिहिणार अर्थात मी. मी बसून इंग्रजीत एक पानभर मजकूर तयार केला आणि तो मला फार उत्तम वाटला. मिलचं नाव, जागा, मागचं दार, कुलूप, भुसा, बारदान, सगळं क्रमाने. मैत्रिणीने वाचून पाहिलं. दादाने वाचलं आणि म्हणाला, आपण तर आत्ताच वकील झालो. पण मला पुस्तकाबाहेरचं लिहिता येत नव्हतं हे मी वर सांगितलंच आहे. मी मालकाला ‘अ’ केलं होतं, कामगाराला ‘ब’. धोका माहीत असूनही ब काम करत राहतो, असं लिहिलं होतं. आणि शेवटचं वाक्य, हात सवयीने जातो तसं, प्रश्नच झालं होतं: अशा परिस्थितीत अ ची जबाबदारी कोणती? आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. अर्ज असाच असतो असं आम्हाला वाटलं.

दादाने तो इच्छापोरकडे जाताना टाकला, लिंबायतच्या पेटीत नको म्हणून. एवढी काळजी आम्ही घेतली होती.

त्यानंतर काहीच झालं नाही. आम्ही रविवारी जमायचो, पण घरचे प्रसंग बंद केले. पुस्तकातलेच जुने सोडवायचो, उत्तरं पाठ असलेले. नाना पडद्याआडून विचारायचे, आज कोडं नाही का? मैत्रीण म्हणायची, नाही, आज नुसतं गणित. एकदा त्यांनी स्वतःच एक कोडं रचून सांगितलं, आमच्यासाठी. आम्ही हसलो. ते हसणं इतकं खोटं होतं की मावशीने सुई थांबवली.

दिवाळी जवळ आली तसे त्या कचेरीतले साहेब आले. हे आम्हाला नानांनीच सांगितलं, एखादा तमाशा बघून आल्यासारखं. साहेब येणार हे मिलमध्ये आदल्या दिवशी माहीत होतं. वाळूच्या बादल्यांना लाल रंग दिला, मशीनमधला भुसा काढला, सगळ्यांना हातमोजे वाटले आणि संध्याकाळी परत घेतले. साहेब दिवसा आले. दिवसा मागचं दार उघडंच असतं. त्यांनी ते उघडं पाहिलं, चहा घेतला आणि गेले. कुलूप रात्रीचं असतं हे मी अर्जात लिहिलं होतं, ठळक लिहिलं होतं. साहेब रात्री येतील असं आम्ही धरून चाललो होतो. का, ते आता सांगता येणार नाही.

“शेठकडे कुणाचा तरी कागद आला आहे,” नाना म्हणाले. “मॅनेजर वाचत होता. इंग्रजीत.”

मैत्रिणीने माझ्या हातावरचा हात काढून घेतला. दादा खाली पेपरमध्ये बघत राहिला. कागद तिथे कसा पोचला हे आम्हाला कधीच कळलं नाही. पोचतात एवढं खरं.

त्यानंतरच्या रविवारी नाना खुशीत होते. मॅनेजरने त्यांना थांबवून विचारलं होतं, मुलीचा अभ्यास कसा चाललाय? परीक्षा कधी? तिच्यासोबत आणखी कोण कोण अभ्यासाला येतं? आणि ती कोडी, ती अ आणि ब वाली, ती कोण बनवतं? नानांनी अभिमानाने सगळं सांगितलं होतं. माझं इंग्रजी किती चांगलं आहे तेही सांगितलं होतं. बाहेर जाऊन मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. खाली गल्लीत एक मोटरसायकल उभी होती, तिच्यावर एक माणूस बसून मोबाइल बघत होता. तो वर बघेल असं मला वाटत राहिलं. तो कुणाची तरी वाट बघत असेल, आमच्याशी त्याचा काही संबंध नसेल. पण त्या दिवसापासून मी तिच्या घरी जाताना दुसऱ्या गल्लीतून जायला लागले.

आता नानांना काढणार, एवढंच आम्ही धरून बसलो. काढलं तर पलसाण्यात दुसरं कुणी उभं करणार नाही, कारण ठेकेदार एकमेकांना फोन करतात. आणि काढलं तर नानांना कारण कळणार. आपल्या पोरीने केलं, हे कळणार. मैत्रीण म्हणायची, काढू देत. काढलं तर निदान त्या दाराआड नसतील. मग म्हणायची, नको. मग परत म्हणायची, काढू देत. दादा मात्र एकदाच बोलला. “काढायचं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं,” तो म्हणाला, “ह्यांच्या मनात काय वेगळंच आहे.”

दिवाळीला मिल बंद झाल्या. सुरत अशी बंद होते की लिंबायतमध्ये आपल्या चपलांचा आवाज ऐकू येतो. खानदेशच्या गाड्या भरून गेल्या, मैत्रीण आईवडिलांसोबत गावी गेली. तिथून ती मला फोन करायची. नाना शेतात जाऊन बसतात, चांगलं जेवतात, रात्री गाढ झोपतात, असं सांगायची. तिलाही झोप लागायची. आवाज इतका मोकळा की मीही अभ्यासाला लागले. परीक्षा डिसेंबरात होती.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला सुरतेत धंद्याचा मुहूर्त करतात. मिलमध्ये मशीनची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात, आणि ज्यांना परत कामावर घ्यायचं नाही त्यांना ठेकेदार मुहूर्ताला बोलावतच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याचा फोन वाजत नाही तो समजून घेतो. नानांचा फोन गावी असतानाच वाजला, आणि ठेकेदाराचा नव्हे, मॅनेजरचा. मुहूर्ताला नक्की या, शेठने खास सांगितलंय.

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं खोलीत पूर्ण पेपर लावून बसलो होतो, घड्याळ समोर ठेवून. खालचं खातं अजून सुरू झालेलं नव्हतं. जिन्यात नानांची पावलं वाजली. ते नवा सदरा घालून गेले होते. कपाळाला कुंकू, एका हातात पेढ्यांचा खोका, दुसऱ्या हातात नारळ. आत येऊन त्यांनी दोन्ही मावशीकडे दिलं आणि खिशातून एक किल्ली काढून आमच्या पेपरवर ठेवली. पितळेची, जाड, तिलाही कुंकू लावलेलं होतं. माझ्या उत्तरांवर त्याचा लाल डाग पडला.

“मांगला दारनी चावी,” नाना म्हणाले. “शेठनी माले दिधी. बठ्ठासमोर.”

बठ्ठासमोर म्हणजे सगळ्यांसमोर. शेठने पूजेनंतर सगळ्यांना थांबवलं होतं. नानांना पुढे बोलावलं, गळ्यात हार घातला आणि सांगितलं की हा आपला सगळ्यात विश्वासू माणूस, याची पोरगी उद्या वकील होणार, तेव्हा आजपासून मागच्या दाराची जबाबदारी याची. आता याला रोजच रातपाळी, पगारात थोडी वाढ. कुलूप हाच लावणार, हाच काढणार. तसं लिहून नानांची सहीही घेतली. नाना सांगत होते आणि त्यांचा अडकणारा श्वास आनंदाने आणखी अडकत होता. इतक्या वर्षांत त्या मिलमध्ये कुणी त्यांच्या गळ्यात हार घातला नव्हता. मावशीचे डोळे भरून आले.

“आणि शेठनीबी एक कोडं सांगं,” ते म्हणाले.

ते खाली बसले. आम्हाला नीट कळावं म्हणून ते कोडं त्यांनी आमच्या मराठीत सांगितलं, सावकाश, एकही शब्द गाळू नये अशा बेताने. अ मालक आहे. अ ने सगळ्यांसमोर ब च्या हातात दाराची किल्ली दिली. एका रात्री दार बंद होतं आणि आत आग लागली. चूक कुणाची?

“बठ्ठा हासनात,” नाना म्हणाले. “मीबी हासनू. शेठ म्हणे, हे तुझ्या पोरीला विचार, आणि तिच्या त्या इंग्रजीवाल्या मैत्रिणीलाही विचार. सांगा आते.”

प्रत्येक प्रश्नाला सगळ्यात आधी तोंड उघडायची माझी खोड. त्या दिवशी ते उघडलं नाही. मला पुस्तकातलं उत्तर येत होतं: किल्ली कुणाच्याही हातात द्या, कारखाना ज्याचा तोच जबाबदार. आणि पलसाण्यातलं उत्तरही येत होतं. आग लागली तर पोलिसांना ती सही दाखवली जाईल, आणि नाना त्यातून जगले वाचले तर बेड्या त्यांच्या हातात पडतील. दादा उठून खिडकीपाशी गेला. समोरचं घड्याळ चालू होतं, पेपरची वेळ संपत होती.

“अ ची,” मैत्रीण म्हणाली.

“शेठ तं म्हणे ब नी.”

“अ ची, नाना. अ चीच.” आणि मग तिला रडू फुटलं. नानांना वाटलं, पोरगी आनंदाने रडते आहे. ते तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “नाना, तू ते कुलूप लावू नको. चावी तुझ्याकडे आहे ना, मग उघडंच ठेव.”

नानांनी हात काढून घेतला. पहिल्यांदाच मी त्यांना तिच्यावर चिडलेलं पाहिलं. “मंग ताका गया तं? नाव मनं येई.” चोरीचं नाव माझ्यावर येईल, आणि शेठने एवढ्या लोकांत विश्वास टाकला असताना मी दार उघडं टाकू? ती बोलत राहिली, भुसा, मशीन, आग, जे जे कधी त्यांच्यासमोर उघड बोलली नव्हती ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, आत मीच असणार आहे, मग मला काय भीती? बाहेरून लावलेलं कुलूप आतल्या माणसाला कसं उघडता येईल, हे तिने विचारलं. त्यावर ते म्हणाले, बाहेरून लावून मी पुढून फिरून आत येईन. त्यांनी किल्ली उचलली, कमरेच्या करगोट्याला बांधली आणि जेवायला बसले. अर्ज आम्ही केला होता, हे ती त्या दिवशीही त्यांना सांगू शकली नाही. पुढेही कधी सांगता आलं नाही.

परीक्षा झाली. दादाचं परत राहिलं, त्याने पुढे नाद सोडला. मला इथल्याच कॉलेजात जागा मिळाली. मैत्रिणीला दूरच्या मोठ्या कॉलेजात मिळाली आणि ती जाणार नाही म्हणून अडून बसली. नानांनी दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा गेली. शेठने तिला मिलमध्ये बोलावून शाल दिली. शाल देताना तो नुसता हसला, असं ती म्हणाली. ती शाल तिने सुरतेतच ठेवली.

मी अजून लिंबायतमध्येच राहते. ती रोज संध्याकाळी नानांना फोन करते, ते पाळीला निघायच्या वेळेला, आणि कुलूप लावू नको, हेच सांगते. ते तिला समजावतात. मिलमधून त्यानंतर एकही ताका बाहेर गेलेला नाही, याचा त्यांना अभिमान आहे. कुलूप लावणारा आधीचा माणूस कधी विसरायचा, कधी आळस करायचा, कधी कुणी विनवलं तर उघडून द्यायचा. नाना विसरत नाहीत. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघतात, आणि मगच पुढून फिरून आत जातात.